वर्तनात सुधारणा

धाकाशिवाय वर्ग चालत नाही, असं मी अनेक वर्षं मानत आले. नुसतं मानत नव्हते, मला ते रोज डोळ्यांनी दिसत होतं. मी वर्गात शिरले की बोलणं थांबायचं, बाकांची करकर थांबायची. शेजारच्या वर्गात गोंधळ माजला तर मुख्याध्यापक मला पाठवायचे आणि मी दारात उभी राहिले की काम व्हायचं. नव्याने रुजू झालेल्या शिक्षिकांना मी सांगायचे, पहिला महिनाभर हसू नका, मग वर्षभर त्रास नाही. माझा दरारा पोरांमध्ये प्रसिद्ध होता आणि ते मला आवडायचं.

तालुक्याच्या गावातली आमची अनुदानित शाळा. इमारत एकच, म्हणून मोठे वर्ग सकाळी आणि छोटे दुपारी. एका तुकडीत साठ-पासष्ट मुलं. मी गणित शिकवते आणि बहुतेक वर्षी नववीच्या एका तुकडीची वर्गशिक्षिका असते. पालक कोण, तर शेतकरी, हमाल, एसटीतले वाहक, भाजीवाल्या. ते येऊन म्हणायचे, 'बाई, आमचं ऐकत नाही, तुम्हीच दोन ठेवून द्या.' ते हे मुलाच्या काळजीनेच बोलत. मला वाटायचं, मुलांचं भलं कशात आहे ते या माणसांना बरोबर कळतं. 'मानसिक आरोग्य' वगैरे मी प्रशिक्षणांत ऐकलं होतं, पण ते पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांसाठी आहे अशी माझी समजूत होती. आमची पोरं उन्हातान्हात वाढलेली, त्यांना डिप्रेशन कसलं येतंय, असं मी शिक्षकखोलीत म्हटलेलं आहे. आजूबाजूला चार जण ऐकतील एवढ्या मोठ्याने म्हटलेलं आहे.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आमच्याकडच्या छड्या कपाटात गेल्या. मीही लाकडी पट्टी फक्त फळ्यावर रेघा मारायला वापरू लागले. त्या कायद्याचं सतरावं कलम एका दमात दोन गोष्टी बंद करतं, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ. आम्ही पहिलीच ऐकली. दुसरीत काय काय येतं, हे विचारायची गरज आमच्यातल्या कुणाला वाटली नाही. हात आवरला आणि जीभ सुटली. 'तुझ्यापेक्षा पाचवीतली पोरं बरी.' 'उद्यापासून मागच्या बाकावर बस, तिथेच शोभतोस.' 'बापाचा घाम वाया घालवतोस.' ही सगळी माझी वाक्यं आहेत. अंगाला हात लावला नाही, म्हणजे कायदा पाळला, असं मी धरून चालले होते.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २००९-१० मध्ये सात राज्यांतल्या ६,६३२ मुलांना शाळेतल्या शिक्षेबद्दल विचारलं होतं. आपल्याला शाळेत कुठलीच शिक्षा होत नाही, असं सांगणारी मुलं त्यात निघाली ९. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मनात आलं, शाळा म्हटली की एवढं व्हायचंच. आता वाचते तेव्हा त्या नऊ मुलांच्या शिक्षकांना जाऊन भेटावंसं वाटतं.

मला सांगायचं आहे ते एका मुलाबद्दल. २०२३ च्या जूनमध्ये तो माझ्या नववीच्या तुकडीत आला. त्याचं नाव-गाव काही सांगणार नाही, त्याला पुढे आयुष्य काढायचं आहे. आठवीपर्यंत मी त्याला ओळखत होते ती एक साधा, मन लावून लिहिणारा मुलगा म्हणून. नववीत तो चिडका झाला. कुणी पेन मागितलं तरी खेकसायचा. जिवलग मित्राशी त्याची मारामारी झाली. सकाळी पहिल्या तासाला डोकं बाकावर. रात्री काय करतोस, असं विचारलं तर 'काही नाही.' मी ठरवून टाकलं, मोबाईल. पुढे कुणीतरी सांगितलं की तो रात्री वडिलांबरोबर उसाला पाणी द्यायला जातो. आमच्या भागात शेतीची थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते, त्यामुळे ते पटण्यासारखं होतं. कारण सापडलं म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. पण वीज दिवसा असायची त्या आठवड्यातही तो वर्गात झोपतच होता. एवढं साधं मी ताडून पाहिलं नाही, आणि मी गणिताची शिक्षिका आहे.

ऑगस्टमधल्या एका सकाळी बहुपदीचे अवयव पाडायला मी त्याला फळ्यापाशी बोलावलं. तो उठला नाही. पुन्हा बोलावलं. तिसऱ्यांदा मी म्हणाले, 'काय रे, खायला काळ नि भुईला भार?' वर्ग हसला. मला तो हशा हवा होता, हेही सांगून टाकते. तो तसाच बसून म्हणाला, 'तुम्हाला काय करायचंय?'

दुसऱ्या दिवशी परिपाठात, प्रतिज्ञा झाल्यावर, मी त्याला माइकपाशी उभं केलं आणि सकाळच्या सगळ्या वर्गांसमोर माफी मागायला लावली. तो पुटपुटला. 'ऐकू आलं नाही,' मी म्हणाले. त्याने पुन्हा मागितली. मागच्या रांगांतून खुसखुस आली, तेव्हा मी तिकडे डोळे वटारले आणि त्याला खाली जायला सांगितलं.

त्यानंतर त्याचं खेकसणं बंद झालं, मारामारी बंद झाली. तो खिडकीकडच्या कडेला बसू लागला. तास संपला तरी जागेवरून हलायचा नाही. मधल्या सुट्टीत डबा दप्तरातच राहायचा. एक पोरगं हाताखाली आलं, असं मला वाटलं. दुसऱ्या तुकडीत मी त्याचं उदाहरणही दिलं.

गणिताच्या वह्या मी न चुकता तपासते. त्याच्या वहीत उदाहरण उतरवलेलं असायचं, खाली 'उकल :' असं लिहिलेलं असायचं, आणि पुढची जागा कोरी. खाली दुसरं उदाहरण, पुन्हा 'उकल :', पुन्हा कोरं. अक्षर पूर्वीच्या निम्मं झालेलं, जणू त्याला पानावर जागा अडवायची नव्हती. हे सगळं माझ्या हाताखालून गेलं. प्रत्येक पानावर मी लाल पेनाने 'अपूर्ण' लिहिलं, सही केली, तारीख घातली. दिवाळीच्या सुट्टीआधी प्रथम सत्राची प्रगतिपुस्तकं भरली तेव्हा वर्गशिक्षकाच्या शेऱ्यात लिहिलं : 'वर्तनात चांगली सुधारणा. अभ्यासाकडे लक्ष द्यावे.'

सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. वडिलांच्या फोनवर निरोप ठेवले, वर्गातल्या मुलांकडून चिठ्ठी पाठवली, हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा करत राहिले. नियमाप्रमाणे जे करायचं ते सगळं केलं. घरी मात्र गेले नाही.

जानेवारीत त्याची आई आली. माझा ऑफ तास होता, शिक्षकखोलीत मी एकटीच होते. बसा म्हटल्यावर ती खुर्चीच्या कडेला टेकली. कापड दुकानाच्या पिशवीतून तिने प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला सरकारी दवाखान्याचा केसपेपर काढला. वर मानसोपचार विभागाचा शिक्का. गोळ्या चालू आहेत म्हणाली. मग कागद माझ्यापुढे सरकवला. 'बाई, इंग्रजीत लिवलंय. काय लिवलंय ते जरा वाचून सांगता का?'

मी चष्मा लावला आणि एकेक ओळ मराठीत सांगू लागले. झोप लागत नाही. भूक कमी. सहा-सात महिन्यांपासून चिडचिड. आता कुणाशी बोलत नाही. जगून काय करायचं, असं म्हणतो. इथे माझा आवाज अडला. तिने मान हलवली. हे तिला माहीत होतं, तिच्यासमोरच तो म्हणाला होता. त्याच्या खालच्या ओळीत लिहिलं होतं की मुलगा शाळेला घाबरतो, विशेषतः वर्गशिक्षिकेला, आणि सगळ्यांसमोर माफी मागायला लावल्याचं पुन्हा पुन्हा सांगतो.

ती ओळ मी गाळली.

ठरवून गाळली, असं म्हणता येत नाही, तेवढा वेळच नव्हता. डोळे तिच्यावरून गेले, अर्थ लागला, आणि तोंडातून त्याच्या पुढची ओळ बाहेर आली, गोळ्या रात्री जेवणानंतर द्यायच्या, पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायला आणायचं. आवाजात फरक पडला नाही. खोटं बोलल्याबद्दल मी किती मुलांना उभं केलं असेल! इतकं सराईत खोटं त्यांच्यातल्या एकालाही कधी जमलं नव्हतं.

त्या क्षणाकडे मी पुढे अनेकदा परत गेले. मी केलं ती शिस्त होती यावर माझा खरोखर भरवसा असता, तर ती ओळ वाचायला मला काय हरकत होती? 'हो, मीच मागायला लावली माफी, त्याने मला उलट उत्तर दिलं होतं,' असं तिच्या तोंडावर सांगता आलं असतं. इतकी वर्षं पालकांसमोर मी तसंच ठासून बोलत आले होते. त्या दिवशी जीभ वळली नाही. म्हणजे आपण काय करतो आहोत हे मला आधीपासून कळत होतं. मुलाला वळण लावायचं म्हणून मी त्याला माइकपाशी उभं केलं नव्हतं. वर्गासमोर माझा अपमान झाला होता, तो मी शेकडो मुलांसमोर फेडून घेतला होता. चौदा वर्षांच्या मुलाशी मी हिशेब चुकता केला होता.

मग तिने पिशवीतून प्रगतिपुस्तक काढलं. मुलगा कधीपासून गप्प झाला, असं डॉक्टरांनी तिला विचारलं होतं. तिला दिवस-महिना सांगता येईना, म्हणून तिने तेच पुढे केलं होतं. 'वर्तनात चांगली सुधारणा' या शब्दांखाली डॉक्टरांनी पेन्सिलीने रेघ ओढली होती. 'हितनं त्याचं जास्त झालं, असं म्हणाले डाक्टर,' ती म्हणाली. माझी सही आणि तारीख त्या रेघेला लागूनच होती.

त्या दिवसापासून मी बदलले, असं म्हणणं खोटं होईल. त्या रात्री मी त्या डॉक्टरांवर चिडले. एका बाजूचं ऐकून लिहून मोकळे होतात! मग त्याच्या घरावर संशय घेतला, वडील पीत असतील, भांडणं होत असतील. मग मोबाईल परत आला. एकामागून एक आरोपी मी मनाशी उभे करत होते. शेवटी हाती राहिलं ते आमच्या पिढीचं ठेवणीतलं वाक्य, आम्हीही मार खाल्ला, आमचं काय वाईट झालं?

हे वाक्य मी शेकडो वेळा उच्चारलं असेल, पण त्याचं उत्तर कधी शोधलं नव्हतं. माझ्या शाळेत गणिताचे सर मारायचे. मला गणित यायचं, म्हणून मी वाचले. ज्यांच्या हातावर रोज छडी पडायची ते चेहरे आठवायला लागले, तर त्यांतले बरेचसे दहावीच्या वर्गाच्या फोटोत नाहीतच. काय वाईट झालं, असं विचारतो ते आम्ही पोचलेले. जे मध्येच गळाले त्यांना हा प्रश्न कुणी विचारलेला नाही. बी.एड.ला ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांच्यावर टीप लिहून मी चांगले गुण मिळवले होते. त्यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला, मुलाला भीती आणि बक्षीस दोन्हींपासून मोकळं ठेवा म्हणून आयुष्यभर सांगितलं. ते बालवाडीपुरतं आहे, अशी मी सोयीस्कर समजूत करून घेतली होती.

आईला विचारून मी त्या डॉक्टरांना भेटायला गेले. त्या मुलाबद्दल ते फार बोलले नाहीत, बोलायचं नसतंच. या वयाबद्दल बोलले. मोठ्या माणसाला नैराश्य आलं की ते उदास चेहऱ्यात दिसतं, म्हणाले, पण पौगंडावस्थेत ते पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात येतं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचं निदानासाठी वापरलं जाणारं जे पुस्तक आहे, त्यात मुलांच्या बाबतीत उदासीच्या जागी चिडखोरपणा असू शकतो असं स्पष्ट म्हटलेलं आहे. मी ऐकत राहिले. जून ते ऑगस्ट तो जे करत होता ते माझ्या नोंदीत उद्धटपणा होतं. त्याचा आजार तेव्हा बोलत होता, आणि मी त्याला गप्प केलं.

त्यानंतर मी वाचत गेले. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं होतं. माझ्या तुकडीचा पट ६२. गुणाकार करायला कागद लागत नाही. दर वर्षी चार-पाच मुलं माझ्यासमोर अशी बसत होती, आणि माझ्याकडे त्यांच्यासाठी मागचा बाक होता. अमेरिकेतल्या रोनाल्ड केसलर यांच्या २००५ च्या अभ्यासात आयुष्यात केव्हातरी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले दिसतात. आणि शिक्षणहक्क कायद्यातलं 'बालक' सहा ते चौदा वयाचं. आजार डोकं वर काढतो त्याच वयाला त्या कायद्याचं छत्र संपतं आणि मूल नववीत येतं, माझ्यासारखीच्या वर्गात.

लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांचा २००५ चा एक प्रयोग आहे. किशोरवयीन मुलं, तरुण आणि मोठी माणसं यांना त्यांनी गाडी चालवण्याचा संगणकावरचा खेळ दिला, कधी एकट्याने, कधी सोबतचे बघत असताना. सोबतचे बघत असले की किशोरांनी घेतलेला धोका एकदम वाढला. मोठ्यांचा जवळपास तेवढाच राहिला. हे वाचताना माझ्या वर्गातला तो हशा मला पुन्हा ऐकू आला. साठ जणांसमोर मी त्याला डिवचलं होतं. त्या वयात, त्या प्रेक्षकांसमोर, त्याने दुसरं काय उत्तर द्यायचं होतं? तेच मी त्याला व्हरांड्यात बाजूला घेऊन विचारलं असतं तर? उत्तर आलं असतंच असं नाही. पण 'तुम्हाला काय करायचंय' असं आलं नसतं, एवढं मी आता अनेक मुलांना व्हरांड्यात भेटल्यावर सांगू शकते.

झोपेचंही तसंच. या वयात झोप आणणारं मेलॅटोनिन शरीरात उशिरा तयार व्हायला लागतं, त्यामुळे रात्री डोळा उशिरा लागतो आणि सकाळी उघडत नाही. नेमक्या त्याच सुमारास, फेब्रुवारी २०२४ मध्ये, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश राज्य सरकारने काढला. लहानांची झोप झाली पाहिजे, हे योग्यच. पण ज्यांचं शरीरच सकाळी उठायला तयार नसतं ती नववी-दहावीची मुलं आमच्याकडे साताला प्रार्थनेला उभी असतात. इमारत एक, अधिवेशनं दोन, त्यावर आमच्याकडे आजही उपाय नाही. पहिल्या तासाला डोकं खाली गेलेल्या मुलाला हाक मारून मी आता एवढंच विचारते, तोंड धुऊन यायचंय का?

मला सगळ्यात जड गेलं ते बिहारमधल्या एका प्रयोगाबद्दल वाचणं. गोव्यात सुरू झालेल्या 'संगत' या संस्थेने नालंदा जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांमध्ये 'सेहर' नावाचा कार्यक्रम राबवला. मुलांनी नाव न घालता लिहून टाकायची पेटी, भित्तिपत्रक, मुलांचे गट, एकेकट्याशी बोलणं, असं त्यात होतं. काही शाळांत हे काम त्यासाठीच नेमलेल्या, व्यावसायिक समुपदेशक नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या व्यक्तीकडे होतं, काही शाळांत शिक्षकांकडे. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. नेमलेल्या व्यक्तीने काम केलं तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, नैराश्य कमी झालं. शिक्षकांनी तोच कार्यक्रम केला तिथे फरक पडला नाही.

मी ते पुन्हा वाचलं. मला राग आला, मग लाज वाटली, मग बऱ्याच दिवसांनी ते कळलं. तोवर मी मनाशी ठरवत होते की आता आपण मुलांची मैत्रीण व्हायचं, समुपदेशनाचा एखादा अभ्यासक्रम करायचा, त्यांनी येऊन सगळं मला सांगावं. ज्या हातात हजेरीपट आहे, गुण आहेत, शेरा आहे, त्या हाताला मूल आपलं दुखणं कशाला दाखवील? मी कितीही प्रेमळ झाले तरी दिवाळीआधी प्रगतिपुस्तक मीच भरणार. मला सगळं कळलंच पाहिजे, हाही जुन्या दराऱ्याचाच एक अंश होता. तो सोडायला वेळ लागला.

म्हणून पेटी लावली ती पाण्याच्या टाकीपाशी, आणि तिची किल्ली आमच्यापैकी कुणाकडेही नाही. ग्रामीण रुग्णालयात किशोरांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं, तिथल्या समुपदेशक ताईंना मुख्याध्यापकांनी पत्र दिलं. त्या येतात तेव्हा त्याच उघडतात. त्यांना काय सांगितलं, हे मुलांना आम्ही विचारायचं नाही, असं ठरलं आहे. टाकीच्या भिंतीवर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक रंगवून घेतला. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमावा, असं सांगितलं. आमचा पट सहाशेच्या वर आहे. संस्थेला आम्ही अर्ज दिला आहे आणि दर बैठकीत त्याची आठवण करून देतो. तोवर त्या ताईंवरच भिस्त आहे, आणि त्यांना किती गावं पाहायची असतात ते आम्हाला माहीत आहे.

आमचे एक सर म्हणतात, उद्या एकाने दुसऱ्याला कंपास मारला तर काय, त्यालाही ताईंकडे पाठवायचं? त्यांचा प्रश्न मी उडवून लावत नाही, कालपर्यंत तो माझाच होता. मारणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवलंच पाहिजे, आणि ज्याला लागलं त्याच्याकडे आधी बघितलं पाहिजे. बाक मोडला तर सुताराशेजारी बसून तो नीट करून द्यायचा. शिस्त मला आजही हवी आहे. पण कुणालाही माइकपाशी उभं करायचं नाही, पालकांना बोलावलं तर मुलाची उणीदुणी दहा शिक्षकांच्या देखत काढायची नाहीत. वर्गात आवाज वाढला आहे, हे खरं. पूर्वीची शांतता राहिली नाही आणि काही सकाळी मला तिची फार आठवण येते. पण त्या शांततेत कोण बसलं होतं, हेही मला आता माहीत आहे.

२०२४ च्या त्या फेब्रुवारीच्या शेवटी मी त्या मुलाच्या घरी गेले होते. आईला म्हणाले, त्या दिवशी कागदावरची एक ओळ मी वाचली नव्हती. तिने हातातलं काम थांबवलं नाही. 'ठावं हाय,' म्हणाली. 'डाक्टरांनी मराठीत समदं सांगितलं हुतं.' मग मला कशाला वाचायला दिलंत, असं मी विचारलं. 'तुमास्नी कळावं म्हणून.' माझ्यावर ओरडायचा तिला हक्क होता, पण ती ओरडली नाही. असू द्या बाई, असंही म्हणाली नाही, आणि ती तसं म्हणाली नाही हे बरंच झालं. परिपाठात सगळ्यांसमोर मी त्याची माफी मागते, असं मी म्हणाले. तो आतल्या खोलीत होता, बाहेर आला नाही. तिने आत जाऊन विचारलं आणि परत येऊन सांगितलं, नको म्हणतोय. त्याचं नाव पुन्हा माइकवर यायला नको होतं. मला माझ्या मनावरचं ओझं उतरवायचं होतं, त्याला ती सकाळ विसरायची होती. पुन्हा एकदा मी माझ्याच सोयीचं बघत होते. मी दाराच्या अलीकडूनच त्याची माफी मागितली आणि निघाले.

एप्रिलमध्ये नववीच्या निकालाची बैठक झाली. अशा बैठकीत काय होतं ते शाळांना माहीत असतं. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलांना नववीतच अडवायचं आणि पालकांना 'सतरा नंबर भरा' म्हणून सुचवायचं. मूल बाहेरून दहावीला बसतं, शाळेच्या निकालाला धक्का लागत नाही. अनेक नावांवर मी स्वतः हात वर केलेला आहे. त्याचं नाव निघालं तेव्हा कुणीतरी सवयीने म्हणालं, हजेरी नाही, सतरा नंबर. मी म्हणाले, त्याला आपल्याच शाळेत नववी पुन्हा करू द्या. कारण विचारलं तेव्हा परिपाठापासून गाळलेल्या ओळीपर्यंत सगळं सांगितलं. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. ठराव झाला.

जूनमध्ये त्याचा अर्ज आला, त्याच्याच अक्षरात. औषधं चालू होती, तो शाळेत यायला तयार होता, पण तुकडी बदलून मागितली होती. कारणाच्या जागी सरळ लिहिलं होतं की आधीच्या वर्गशिक्षिकेच्या वर्गात बसायचं नाही. अर्ज वर्गशिक्षकामार्फत जातो, म्हणजे तो माझ्या हातात येणार हे त्याला माहीत होतं. माहीत असून त्याने तसं लिहिलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, 'बाई, वाईट वाटलं का?' वाटलं, म्हणाले. शिफारशीच्या रकान्यात 'मागणी योग्य आहे' असं लिहिलं आणि सही केली.